अठ्ठावीस बोअर आणि रानातला फेझंट : छोट्या बंदुकीचं मोठं गणित

ऑडिओ ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हे नेहमीप्रमाणे एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी होती, ती काढून टाकली आहे. बाकी मजकूर तोच.

मागच्या महिन्यात मी सहज बोलून गेलो होतो की इथे मिनेसोटात आल्यापासून मी दोन सीझन फेझंटच्या शिकारीला गेलोय, शेजारच्या साउथ डकोटा राज्यात. त्यावर दोन प्रकारचे मेसेज आले. पहिला : "भावा, शिकार? लाज वाटत नाही का?" दुसरा : "भावा, कुठली गन?" गंमत म्हणजे या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. ते ठिकाण म्हणजे बंदुकीच्या नळीचा व्यास. कसं, ते आज बघू.

आधी पक्षी कोण, ते समजून घेऊ

फेझंट म्हणजे आपल्या मोराचा आणि सह्याद्रीतल्या रानकोंबड्याचा चुलतभाऊ. कुळ एकच. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो रिंग-नेक्ड फेझंट. नर एकदम झगमगीत : तांब्यासारखं अंग, हिरवं-निळं डोकं, डोळ्याभोवती लाल कातडी आणि गळ्यात पांढरी पट्टी. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास तीन फूट, पण त्यातली निम्मी लांबी नुसती शेपटी. हे शेपटीचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मादी मातकट, ठिपक्यांची. गवतात बसली तर दोन पावलांवरून दिसत नाही.

हा पक्षी मूळचा अमेरिकेचा नाहीच. तो आशियातला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायमधले अमेरिकेचे कॉन्सल जनरल ओवेन डेनी यांनी चीनमधून फेझंट ओरेगनला पाठवले आणि ते तिथे रुजले. साउथ डकोटात ते स्पिंक काउंटीमध्ये १९०८-०९ च्या सुमारास सोडले गेले. मका, गहू, मध्येमध्ये उंच गवत, पाणथळ जागा, असा तो सगळा भाग, म्हणजे फेझंटसाठी तयार घरच. दहा वर्षांत इतके वाढले की १९१९ मध्ये ३० ऑक्टोबरला एका दिवसाची पहिली अधिकृत शिकार झाली. १९४३ मध्ये हाच परदेशी पाहुणा साउथ डकोटाचा राज्यपक्षी झाला. व्हिसावर येऊन थेट राज्यपक्षी! आपल्यासारख्या एच-वन-बी वाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

नियम काय आहेत?

साउथ डकोटात मुख्य सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. शिकार सकाळी १० ते सूर्यास्त. एका माणसाला दिवसाला तीन पक्षी आणि तेही फक्त नर. मादी मारायची नाही म्हणजे नाही. नेताना पक्ष्याचं डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख तसाच ठेवावा लागतो, म्हणजे तपासणीत नर आहे हे कळतं.

फक्त नर का? कारण एक नर अनेक माद्यांशी जोडी करतो. पुढच्या वसंतात किती अंडी घातली जातील हे माद्यांच्या संख्येवर ठरतं, नरांच्या नाही. शरद ऋतूत बरेच नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो गवताने. फेझंट जमिनीवर घरटं करतो. गवत कापलं, शेत बांधापर्यंत नांगरलं की घरटीच गेली. म्हणून १९८५ च्या शेती कायद्यातून आलेली एक योजना फेझंटसाठी फार महत्त्वाची ठरली : शेतकऱ्याने हलक्या जमिनीवर पीक न घेता गवत ठेवायचं आणि सरकारने त्याला वर्षाला भाडं द्यायचं. शिवाय १९३७ च्या एका कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

म्हणून सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. मला एवढंच सांगायचंय की तिथे 'प्रजात टिकेल का' हा प्रश्न बंदुकीपेक्षा गवताशी जास्त जोडलेला आहे. बंदुकीशी जोडलेला प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त टोचणारा आहे : ज्या एका पक्ष्यावर मी गोळी झाडली, त्याचं काय झालं?

बोअर म्हणजे नक्की काय?

'बारा बोअरची बंदूक' हा शब्द आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. पण बारा म्हणजे बारा काय? मिलिमीटर? नाही.

जुना हिशोब असा : एक पौंड शिसं घ्या. त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. त्याच एका पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी १५.६ मिलिमीटर. अठ्ठावीस केल्या तर १४ मिलिमीटर. म्हणजे आकडा मोठा, तशी नळी बारीक. फक्त एक भाऊ या हिशोबात बसत नाही : फोर-टेन. तिथे आकडा हा थेट व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

या सगळ्या छऱ्याच्या बंदुका. एक गोळी नाही, शेकडो छर्रे एकदम सुटतात. आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो की छोट्या बंदुकीचे छर्रे हळू जातात, म्हणून ती 'कमजोर'. तसं नाही. बारा बोअर असो की अठ्ठावीस, काडतुसातून छर्रे साधारण सारख्याच वेगाने निघतात, सेकंदाला अंदाजे ३७० ते ४०० मीटर. सहा नंबरचा शिशाचा छर्रा दोन्हींत तोच. एकेकटा छर्रा पक्ष्याला लागला तर तो कुठल्या नळीतून आला हे पक्ष्याला कळणार नाही.

फरक आहे तो संख्येत. सहा नंबरचे छर्रे एका औंसात साधारण २२५ बसतात. फेझंटसाठी बारा बोअरचं नेहमीचं काडतूस सव्वा औंसाचं, म्हणजे सुमारे २८० छर्रे. अठ्ठावीस बोअरचं पाऊण औंसाचं, म्हणजे सुमारे १७०. फोर-टेनचं लहान काडतूस अर्ध्या औंसाचं, सुमारे ११०.

आता जरा बी.टेक. बाहेर काढू

छर्रे नळीतून निघाल्यावर पसरत जातात. नळीच्या तोंडाशी जी थोडी चिंचोळी जागा असते तिला चोक म्हणतात आणि पसरण्यावर तिचा ताबा असतो. मोजायचं माप ठरलेलं आहे : ४० यार्डांवर (साधारण साडेछत्तीस मीटर) ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडले. 'मॉडिफाइड' चोकला साधारण ६० टक्के धरतात.

आता मी एक ढोबळ मॉडेल केलं. यातली दोन गृहीतकं माझी आहेत, आधीच सांगतो. एक : नर फेझंटच्या अंगावर जिथे छर्रा लागला तर काम होतं ती जागा ३० चौरस इंच धरली. दोन : पक्षी जागीच पडायला तिथे किमान तीन छर्रे लागावेत असं धरलं. नेम अगदी मध्यावर आहे असंही मानू.

४० यार्डांवर सरासरी काय येते बघा :

- बारा बोअर : पक्ष्यावर सरासरी ७ छर्रे.
- अठ्ठावीस बोअर : सरासरी ४ च्या थोडे वर.
- फोर-टेन, अर्धा औंस : सरासरी ३ च्याही खाली.

कुणी म्हणेल, चार म्हणजे तीनपेक्षा जास्तच आहेत की. थांबा. सरासरीवर सिस्टिम चालवणारा इंजिनिअर रात्री दोन वाजता ऑन-कॉलला उठतो. आपल्याला सरासरी नको, वाईटात वाईट केस हवी. छर्रे असे विखुरलेले असताना पॉयसाँ डिस्ट्रिब्यूशन चांगलं लागू पडतं. ते लावलं तर तीनपेक्षा कमी छर्रे लागण्याची शक्यता : बारा बोअरला अडीच टक्के, अठ्ठावीसला जवळपास वीस टक्के आणि फोर-टेनला सत्तेचाळीस टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट ऐका. नेम परफेक्ट असूनही ४० यार्डांवर अठ्ठावीस बोअरने पाचातला एक पक्षी मरत नाही, जखमी होतो. फोर-टेनने जवळपास निम्मे. आणि जखमी फेझंट गप्प पडून राहत नाही. पंख मोडला तरी पाय शाबूत असतात आणि हा पक्षी आधी पळतो, मग नाइलाज झाला तर उडतो. गवतात शिरला की तो कोल्ह्याला मिळतो किंवा दोन दिवसांनी मरतो. तुमच्या तीनच्या हिशोबात तो कुठेच दिसत नाही. लॉगमध्ये न आलेला एरर, बस्स.

आता तेच मॉडेल ३० यार्डांवर चालवू. अंतर कमी झालं की छऱ्यांची दाटी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अठ्ठावीस बोअरची सरासरी चारवरून साडेसातच्या आसपास जाते. तीनपेक्षा कमी लागण्याची शक्यता? सुमारे दोन टक्के. म्हणजे ३० यार्डांवरची अठ्ठावीस बोअर ही ४० यार्डांवरच्या बारा बोअरसारखीच काम करते.

अख्ख्या एपिसोडचं सार एका ओळीत हवं असेल तर हे घ्या : अठ्ठावीस बोअर म्हणजे बारा बोअरच, पण दहा यार्ड जवळून.

फुकट मात्र काहीच नसतं. जवळून दाटी वाढते तसं वर्तुळ लहान होतं. ४० यार्डांवर जे ३० इंचांचं होतं ते ३० यार्डांवर साडेबावीसचं. चुकायला जागा कमी. आणि फेझंट उडताना ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. छर्रे ३० यार्ड पार करेपर्यंत सेकंदाचा साधारण अकरावा भाग जातो, तेवढ्यात आडवा जाणारा पक्षी दीड मीटर पुढे सरकलेला असतो. त्यात ती शेपटी! डोळा आपोआप पूर्ण पक्ष्याचा मध्य शोधतो आणि पूर्ण पक्ष्याचा मध्य शेपटीच्या बुडाशी असतो. म्हणून जुने लोक सांगतात : शेपटी बघू नकोस, गळ्यातली पांढरी पट्टी बघ.

मग लोक छोटी बंदूक घेतातच कशाला?

एक, वजन. बारा बोअर साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोची. हलकी अठ्ठावीस अडीच किलोच्या आसपास. दिवसभर गुडघाभर गवतात आठ-दहा मैल चाललात की हा पाऊण किलो खांद्याला कळतो. दोन, धक्का कमी. धक्का कमी असला की माणूस दचकत नाही, डोळे मिटत नाही, दुसरा बार लवकर सावरतो. तीन, अठ्ठावीसच्या पाऊण औंसात छऱ्यांची रास फार लांबुडकी होत नाही, म्हणून छर्रे कमी चेपतात आणि एकसारखे पसरतात. फोर-टेनमध्ये उलटं : नळी बारीक, रास लांब, छर्रे एकमेकांत दाबले जाऊन वेडेवाकडे उडतात. म्हणून फोर-टेनचं मोठं काडतूस कागदावर अठ्ठावीसच्या जवळ दिसलं तरी रानात तसं वागत नाही. रानातल्या फेझंटसाठी मी फोर-टेन वापरणार नाही.

आणि चार, खरं कारण : स्टाइल. रील्सवर नाजूक अठ्ठावीस हातात छान दिसते. यात वाईट काही नाही. पण त्या छान दिसण्याची किंमत पक्ष्याने भरायची नाही, एवढंच.

रानातला पक्षी आणि पिंजऱ्यातला पक्षी

एक फरक महत्त्वाचा आहे. पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या खासगी जागांवर बऱ्याचदा पाळून वाढवलेले फेझंट सोडतात. ते जवळून उठतात, सावकाश उडतात. तिथे अठ्ठावीस अगदी सोपी वाटते. रानात वाढलेला नर वेगळाच. ऑक्टोबरमध्ये त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं असतात, ती जवळ बसून राहतात. डिसेंबर येईपर्यंत जे वाचलेत ते गाडीचं दार आपटल्याचा आवाज ऐकून शेताच्या दुसऱ्या टोकाने निघून जातात. त्यामुळे छोटी बंदूक ही सीझनच्या सुरुवातीची आणि चांगल्या कुत्र्यासोबतची बंदूक आहे. पक्ष्याचा वास आला की जागीच थिजून उभा राहणारा कुत्रा तुम्हाला पंधरा-वीस यार्डांपर्यंत नेतो. आणि पडलेला, पळालेला पक्षी शोधून आणतो तोही कुत्राच. माझं मत स्पष्ट आहे : कुत्रा नसेल तर अठ्ठावीस घरी ठेवा.

मला शिकवणारे आमच्या टीममधले एक काका आहेत, साठीच्या जवळ आलेले, साउथ डकोटातच वाढलेले. मी त्यांना 'काका' म्हणतो, त्यांना अर्थ माहीत आहे आणि आवडतोही. त्यांच्याकडे जुनी अठ्ठावीस आहे, नळीवर नळीवाली. मागच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर एक नर उठला, उन्हात चमकणारा, एकदम मोकळ्यावर. मला वाटलं आता बार होणार. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, एक क्षण धरली आणि खाली घेतली. पक्षी निघून गेला. मी विचारलं, का? ते म्हणाले, "लांब होता." मी नंतर पावलं मोजली. चाळीसच्या जवळपास भरली. दिवसभरात त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही, रिकाम्या हाताने परतले आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. वरचं पॉयसाँ मी त्यानंतर घरी येऊन केलं. त्यांना ते गणित न करता माहीत होतं.

तुम्ही जाणार असाल तर

१. अंतर आधी ठरवा. अठ्ठावीसला ३० यार्ड. सकाळी निघताना एखाद्या कुंपणाच्या खांबापर्यंत पावलं मोजून डोळ्यांना ते अंतर दाखवा. पक्षी उठल्यावर ठरवायला वेळ नसतो.

२. कागदावर बार काढून बघा. मोठा कागद, ३० यार्ड, तुमची बंदूक, तुमचंच काडतूस. छर्रे मोजा. माझं मॉडेल ढोबळ आहे, तुमचा कागद खरा.

३. छऱ्याचा धातू तपासा. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या फेडरल जमिनींवर शिसं चालत नाही आणि फेझंट तिथेही असतात. लोखंडी छर्रे शिशापेक्षा बरेच हलके, लवकर वेग गमावतात. त्यात काडतूस आधीच छोटं. तिथे बिस्मथ घ्या, महाग पडलं तरी.

४. पक्ष्याखाली आकाश दिसेपर्यंत बार नाही. खाली कुत्रा असतो, समोर शेताच्या टोकाला माणसं उभी असतात. भगव्या-नारिंगी रंगाची टोपी आणि जॅकेट घालाच.

५. पडला की नजर त्या जागेवरून हलवू नका. दुसऱ्या पक्ष्यामागे लागू नका. आधी पहिला शोधा. सापडला नाही तरी माझ्या हिशोबात तो तीनमधला एक धरतो.

व्हिसावाल्यांनी हे वाचाच

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपला. "मित्राची बंदूक जरा हातात धरून फोटो काढतो" हा विनोद नाही, तो गुन्हा ठरू शकतो. मिनेसोटात तर १९७९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या लायसन्ससाठी आधी बंदूक-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. मीही केला. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, पॉडकास्टवाल्याला नको.

आणि भारतात असाल तर उत्तर एका वाक्यात : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मोर, रानकोंबडा, हिमालयातला मोनाल हे सगळे संरक्षित आहेत, शिकार हा गुन्हा आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा, कॅमेरा घेऊन जा.

तर लाज वाटते का?

पहिल्या मेसेजचं उत्तर बाकी आहे. मी चिकन खातो. पुण्यात असताना ते काळ्या पिशवीत यायचं आणि त्याच्या मरणाशी माझा संबंध नव्हता. इथे जो पक्षी मी खातो त्याच्याशी आहे. त्याचा रस्सा गावरान कोंबडीसारखा होतो, मांस कोरडं असतं म्हणून खोबरं-कांद्याचं वाटण सढळ हाताने घालावं लागतं आणि दाताखाली छर्रा येऊ शकतो म्हणून हळू चावावं लागतं. आईला फोटो पाठवला तर तिने एवढंच विचारलं, "लगेच मेला ना रे?"

आईला बोअर माहीत नाही, चोक माहीत नाही. पण प्रश्न नेमका तोच आहे. मारणं बरोबर की चूक यावर आपलं एकमत होणार नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण ज्याने बंदूक उचलली त्याला या एका प्रश्नाचं 'हो' उत्तर देता आलं पाहिजे. बारीक नळीच्या बंदुकीने ते 'हो' म्हणायचं असेल तर बऱ्याच वेळा बार न काढताच परत यावं लागतं.

पुढच्या भागात बंदूक नाही, कुत्रे : वासावरून ते अंतर कसं ओळखतात यावर बोलू. तोपर्यंत ज्याने "कुठली गन?" विचारलं होतं त्याने हा भाग ज्याने "लाज वाटत नाही का?" विचारलं होतं त्याला फॉरवर्ड करावा. भेटू!